मिठात अणू नसतात?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, आता अकरावीत आहे. शिकवणीचे सर हिंदीतून शिकवतात. त्यांनी फळ्यावर लिहून दिलं, 'सोडियम क्लोराइड में अणु नहीं होते, आयन होते हैं.' मुलानं घरी येऊन मराठीत टिपण काढलं, 'सोडिअम क्लोराइडमध्ये अणु नसतात, आयन असतात.' आजोबांनी शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांनी 'अणु'खाली लाल रेघ ओढली आणि विचारलं, "अणू नाहीत तर मीठ झालं कशाचं?" ताई विचारतात, चुकलं कोण, सर की आजोबा? आणि 'आयन' हा शब्द आपलाच ना, उत्तरायणातला?

ताई, दोघंही बरोबर आहेत. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. आपण अणुऊर्जा म्हणतो, ते परमाणु ऊर्जा म्हणतात. सरांचा 'अणु' म्हणजे आपला रेणू, म्हणजे अणू जोडून झालेला कण. आणि आयन म्हणजे विजेचा भार असलेला कण. मुलानं बाकी वाक्याचं मराठी केलं, पण हा एक शब्द ओळखीचा दिसला म्हणून तसाच ठेवला. नागपुरात दोन्ही भाषा दिवसभर कानावर असतात, त्यामुळे असे सारखे दिसणारे शब्दच जास्त फसवतात. अनोळखी शब्द असता तर त्यानं कुणाला तरी विचारलं असतं.

एक खूण सांगतो. आजच्या मराठी लेखननियमांप्रमाणे एकटा 'अणू' दीर्घ लिहितात, समासात तो ऱ्हस्व होतो: अणू, पण अणुभट्टी, रेणू, पण रेणुसूत्र. हिंदीत तो नेहमीच ऱ्हस्व. मराठी वहीत एकटा 'अणु' ऱ्हस्व दिसला, तर तो हिंदीतून तर आला नाही ना, एवढं बघावं. तुमच्या मुलाच्या वहीत तसाच आला आहे.

ही फारकत झाली कशी, तेही बघण्यासारखं आहे. वैशेषिक दर्शनात, म्हणजे आपल्या एका प्राचीन तत्त्वज्ञानात, परमाणू म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो कण म्हणजे हेच त्र्यणुक, असं मानलं जाई. त्यालाच त्रसरेणू असंही नाव आहे. रेणू म्हणजे मुळात धूळ. हिंदीनं सर्वांत लहान कणाला परमाणु म्हटलं, म्हणून अणु वरच्या पायरीला गेला. मराठीनं लहानाला अणू ठेवलं आणि मोठ्यासाठी रेणू घेतला. बोलण्यात आपण 'अणुरेणू' जोडीनंच म्हणतो, तेव्हा दोन्हींचा अर्थ फक्त अगदी बारीक एवढाच असतो. मला मराठीची जोडी जास्त आवडते, कारण दोन शब्द कानाला लगेच वेगळे लागतात.

तेव्हा मराठी वाक्य असं हवं: 'सोडिअम क्लोराइडमध्ये रेणू नसतात, आयन असतात.' यावर आजोबा कदाचित म्हणतील, आम्ही तर वर्गात मिठाचं रेणुसूत्र शिकवत होतो. सवयीनं तसं म्हटलं जातं खरं. पण सोडिअमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी आणि क्लोरीनच्या अणूत २, ८, ७ अशी. सोडिअमचा शेवटचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत आठ होतात. एक धन आयन, दुसरा ऋण आयन. त्यांची ओढ एकाच जोडीदारापुरती नसते, ती सगळ्या बाजूंनी असते. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. यातली कुठली जोडी 'मिठाचा रेणू' म्हणून दाखवणार? NaCl हे सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं. पाण्याची गोष्ट वेगळी. त्याची वाफ झाली तरी एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन एकत्रच राहतात, तिथे रेणू खराखुरा आहे.

मुलाला चिमूटभर बारीक मीठ काळ्या कागदावर पसरून भिंगातून बघायला सांगा. कडा झिजलेले बरेच असतील, पण मधूनच एखादा कण सरळ धारेचा, चौकोनी, फाशासारखा सापडतो. आतली सहा-सहाची रचना बाहेर तशी दिसते.

आता 'आयन'. तो शब्द मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३४ मध्ये विल्यम व्हेवेल या केंब्रिजच्या विद्वानाच्या सल्ल्यानं रूढ केला. मूळ ग्रीक, अर्थ 'जाणारा', कारण वीज सोडली की हे कण आपापल्या ध्रुवाकडे जातात. आपल्याकडे तो इंग्रजीतून आला. पण ताई, तुमचा कान खोटा नाही. उत्तरायणातलं 'अयन' इ, म्हणजे जाणे, या धातूवरून आलं आहे, आणि तो ग्रीक धातूही याच कुळातला. तुम्ही नातं बरोबर ओळखलंत, फक्त ते आजोळचं नाही, दूरच्या भाऊबंदांचं आहे. घट्ट मिठात हा 'जाणारा' जागच्या जागीच थरथरत असतो. मीठ पाण्यात विरघळलं किंवा ८०१ अंश सेल्सिअसला वितळलं, की मग तो नावाप्रमाणे वागतो.

सगळे शब्द आपले करण्याचा मोठा प्रयत्न नागपुरातच झाला होता. कोशकार डॉ. रघुवीर यांनी इथे राहून संस्कृत धातूंवरून प्रचंड परिभाषा घडवली. तीत सोडिअम क्षारातु, क्लोरीन नीरजी, म्हणून मीठ झालं क्षारातु नीरेय. शब्द रुळले नाहीत, पण नीरजीचं नीरेय (क्लोराइड) आणि जारकाचं, म्हणजे ऑक्सिजनचं, जारेय (ऑक्साइड), ही शिस्त बघताना मला आजही आदर वाटतो.

वहीत आणखी एक शब्द असेल तर तोही बदलावा: 'इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण'. देवाणघेवाणीत दोघंही देतात आणि दोघंही घेतात. सणाला आपण शेजारी फराळाचं ताट देतो आणि त्यांचंही आपल्याकडे येतं, ती देवाणघेवाण. इथे सोडिअम फक्त देतो आणि क्लोरीन फक्त घेतो. मुलाला असं लिहू द्या: 'सोडिअमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचा अणू तो घेतो, तयार झालेले आयन एकमेकांना धरून ठेवतात, मिठात रेणू नसतात.' आणि वही पुन्हा आजोबांकडे द्या.