रोज मास्क लावावा लागतो. कान, चष्मा आणि नागपूरचं ऊन, तिन्ही कसं सांभाळायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की धुळीच्या ॲलर्जीमुळे डॉक्टरांनी मास्क सांगितलाय. कामठीहून सीताबर्डीपर्यंत गाडीवर यायचं, मग दिवसभर दुकानात उभं राहायचं. कानामागे ठणकतं, चष्म्यावर वाफ धरते, आणि मे महिन्यात तो तोंडावर ठेवणंच होत नाही. म्हणून आता थोडा सैल मास्क घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

सैल तर अजिबात घेऊ नका. मी कळमन्याच्या मिरची बाजारात अडतीवर हिशेब लिहितो. हंगामात पोती रिकामी होतात तेव्हा मास्क कुठून गळतो हे वेगळं तपासावं लागत नाही, ठसकाच सांगतो. आणि सैल मास्क त्रासही जास्तच देतो. बोलताना खाली घसरतो, ओठांना लागतो, सारखा हात वर जातो. तुमच्या चष्म्यावरची वाफसुद्धा त्यामुळेच आहे: नाकाच्या कडेला फट राहते, उच्छ्वासाची गरम दमट हवा तिथून वर निसटते आणि काचेवर थिजते.

म्हणजे मास्क नीटच बसवायचा, फक्त त्याचा ताण कानावरून काढून डोक्यावर न्यायचा. एन९५ मध्ये मागून दोन पट्टे असलेले प्रकार मिळतात, तेच घ्या. एक पट्टा डोक्याच्या वरच्या बाजूला, दुसरा मानेवर. कानाला काहीच लागत नाही. कानात अडकवायचेच मास्क घरी पडून असतील तर मागे जोडायची हुकाची पट्टी मिळते. नाहीतर गांधीबागेतून रुंद इलॅस्टिक आणि दोन बटणं आणा, घरीच पट्टी शिवा, मास्कचे लूप बटणांत अडकवा. फक्त तुम्ही हेल्मेट घालता, तेव्हा बटणं कानामागच्या हाडावर आणू नका. हेल्मेटखाली ती इतकी टोचतात की रस्ताभर दुसरं काही सुचत नाही. मानेजवळ, हेल्मेटच्या कडेच्या खाली येतील अशी शिवा. आधी मास्क, मग हेल्मेट. उतरवताना हेल्मेट दोन्ही हातांनी बाजू फाकवून काढा, म्हणजे पट्टा ओढला जात नाही.

नाकावरची तार चिमटीत दाबायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. त्यानं मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या मध्यावर ठेवून तार हळूहळू गालांकडे दाबत न्या. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे झुळूक लागली की तार पुन्हा बसवा. चष्मा मास्कच्या कडेवर टेकवा, खाली नको. तरी वाफ आली तर काचेला साबणाच्या पाण्याचा पातळ हात लावून तसंच वाळू द्या आणि मऊ कापडानं हलकेच पुसा. खास थर दिलेली काच असेल तर आधी चष्मेवाल्याला विचारा.

आता ऊन. आपल्याकडे दुपट्टा ओला करून तोंडाला बांधतात, खिशात कांदाही ठेवतात. कांदा ठेवा, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण मास्क ओला करू नका. ओल्या मास्कमधून श्वास ओढणं जड जातं. एन९५ धुवायचाही नसतो. त्याच्या आतल्या थरावर विद्युतभार असतो, बारीक धूळ त्याला चिकटते. साबण किंवा सॅनिटायझर लागलं की तो भार उतरतो आणि मास्क दिसायला चांगला राहूनही कामाचा राहत नाही. त्यापेक्षा दोन-तीन ठेवा, आळीपाळीनं वापरा, घामाचा मास्क कागदी पाकिटात वाळू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की वास धरतो. पट्टा ढिला पडला, आकार बिघडला किंवा श्वास जड जाऊ लागला की टाकून द्या.

आकारही बघून घ्या. चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्यापेक्षा वाटीसारखा किंवा पुढे चोचीसारखा उघडणारा प्रकार उन्हात बरा, ओठांपुढे जागा राहते. धुळीसाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे उच्छ्वास बाहेर सोडणारी छोटी झडप असलेला मास्कही चालतो, आत उकाडा कमी होतो. कोरोनात जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं व्हॉल्व्हच्या एन९५ बद्दल राज्यांना सावध केलं होतं, कारण आपला उच्छ्वास त्यातून न गाळता बाहेर पडतो. म्हणून तुम्हाला सर्दी-खोकला असेल किंवा दवाखान्यात जायचं असेल त्या दिवशी बिनव्हॉल्व्हचा लावा. पाकिटावर आयएस ९४७३ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि एफएफपी२ (मास्क किती गाळतो त्याची प्रत) लिहिलंय का तेही पाहा. फुटपाथवर ढिगात मिळणाऱ्या मास्कवर नुसतं एन९५ छापलेलं असतं, त्यावर माझा काही भरवसा नाही.

त्वचेचं थोडक्यात: मास्कखाली पावडर नको, ती श्वासात जाते. मॉइश्चरायझर लावायचं तर आधी लावून पूर्ण मुरू द्या. व्हॅसलीन कानामागे चालेल, मास्कच्या कडेखाली नको, तिथं मास्क घसरतो.

आणि एक, दुकानात धूळ नसेल तर दिवसभर कशाला लावून बसता? डॉक्टरांना विचारून घ्या. मास्क बहुतेक रस्त्यासाठी आणि झाडझुडीच्या वेळेसाठीच लागेल. पाणी मात्र टाळू नका, मास्क काढावा लागतो म्हणून बाया दुपारभर तहानलेल्या राहतात. एवढं करूनही छाती भरल्यासारखी वाटली किंवा श्वासात शिट्टी वाजू लागली, तर मास्क बदलत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.