पहिलं पेन करताना

लाकडाची पेनं करायला लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेतलात, फार छान केलंत! पहिल्या पेनासाठी शिसवाचा महाग तुकडा मात्र काढू नका. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात सागवानाचे तुकडे बघा, चांगले वाळलेले निवडा आणि त्यांवर हात बसू द्या. किट (पेनाच्या आतली नळी आणि बाकीचे तयार भाग) साधं, ७ मिमी नळीचं घ्या.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- नळीसाठी लाकडाला भोक पाडताना घाई नको. ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर लाकूड तापून चिरतं.
- मँड्रेलचा (लेथवर लाकडाचे तुकडे ओवून धरणाऱ्या दांड्याचा) नट बोटांनी बसेल तेवढाच आवळा. जास्त आवळला की दांडा वाकतो आणि पेन लंबगोल होतं. माझी पहिली तीन पेनं यातच गेली.
- गॉगल आणि मास्क हवाच. बाही सैल नको.

सगळ्यात जास्त पेनं बिघडतात ती पॉलिश पेपरवर. १५० नंबरापासून (खरखरीत) ६०० पर्यंत (बारीक) मधला एकही नंबर गाळू नका. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच घासा आणि दिव्याखाली तिरपं बघा. आडवा ओरखडा दिसला तर पुन्हा मागच्या नंबरावर जा, कारण पॉलिशखाली तो झाकला जात नाही, उलट उठून दिसतो.

आत्ता वर मेण पुरे. सुपरग्लूचं फिनिश पाच-सहा पेनं झाल्यावर बघू.