वृत्तछायाचित्रण घरबसल्या शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो आणि संध्याकाळी जेमतेम दोन तास मोकळे मिळतात. वृत्तछायाचित्रणाचा आधीच चित्रित केलेल्या धड्यांचा स्वस्त ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा, की थेट वर्ग असलेला महागडा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चित्रित धड्यांमधून मोठ्या छायाचित्रकारांची विचार करण्याची रीत समजते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर पाहावेत. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, रॉबर्ट कापा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या संस्थेने असे अभ्यासक्रम काढले आहेत. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने ‘कोर्सेरा’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आणलेला अभ्यासक्रम तर फोटो काढण्यापेक्षा फोटो वाचायलाच शिकवतो, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी.

मात्र चित्रित धडा तुमचे फोटो पाहू शकत नाही, आणि या विद्येत खरे शिक्षण तिथेच होते. माझ्याकडे शिकणारा एक तरुण दर आठवड्याला निवडक बारा फोटो पाठवीत असे. ते नीटनेटके असत, पण सगळे एकसारखे का वाटतात हे मला बरेच दिवस उमगले नाही. अखेर मी त्याच्याकडे न निवडलेल्या फोटोंसकट अख्खे फोल्डर मागितले, तेव्हा दिसले की तो प्रत्येक ठिकाणी दारातूनच दोन-तीन फ्रेम घेई आणि माणसे आपल्याकडे पाहू लागली की मागे फिरे. दोष त्याच्या निवडीत नव्हता, पायांत होता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारा : शिक्षक आमचे न निवडलेले फोटोही पाहणार का, आणि एका वर्गात किती जण असतील? पहिल्या प्रश्नाला टोलवाटोलवीचे उत्तर मिळाले, तर स्वस्त अभ्यासक्रम घेऊन उरलेले पैसे एसटीच्या तिकिटांवर खर्च करावेत.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि मोबाइल आहे. एवढ्यावर भागेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भागेल. मोबाइल वापरताना पार्श्वभूमी धूसर करणारा ‘पोर्ट्रेट मोड’ मात्र बंद ठेवावा, कारण तो धूसरपणा लेन्सचा नसून मागाहून रचलेला असतो.

प्रश्न : सलग तीन वर्षे मी आषाढी वारीचे फोटो काढले. ऑनलाइन वर्गातील परदेशी शिक्षकांनी ते पाहून ‘फोटो सुंदर आहेत, पण यात गोष्ट नाही’ असे सांगितले. त्यांना वारी कळली नाही, असे समजावे काय? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : त्यांना वारी कळली नसेल, तरी गोष्ट नसल्याचे त्यांनी बरोबर ओळखले असावे. दिवे घाटातली पालखी, रिंगणातला अश्व आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउली हे फोटो दरवर्षी शेकडो कॅमेरे टिपतात. ते एकापुढे एक मांडले की दृश्ये वाढतात, गोष्ट पुढे सरकत नाही. गोष्टीला एखादे माणूस किंवा एखादे काम धरावे लागते. छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी १९४८ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या क्रेमलिंग या लहानशा गावातील एका डॉक्टरवर छायाचित्रकथा केली, तेव्हा ते तेवीस दिवस त्याच्यासोबत राहिले. गावाचे सौंदर्य टिपणे हा त्यांचा हेतू नव्हता. रात्री-अपरात्री बोलावणे येणाऱ्या एकट्या माणसाचा थकवा त्यांना दाखवायचा होता.

यंदा तुम्ही एकच दिंडी धरा, आणि तिच्यातही पालखीच्या पुढे-मागे न धावता स्वयंपाकाच्या ट्रकसोबत राहा. दिंडी मुक्कामी पोहोचण्याआधी चुली पेटवणारी, पंगत उठल्यावर भांडी घासणारी आणि पहाटे सर्वांच्या आधी ट्रक भरणारी माणसे विठ्ठलाच्याच वाटेवर असतात. पण बहुतेक कॅमेरे तिकडे वळत नाहीत. एक फोटो मुक्कामाचा विस्तार दाखवणारा, एक हातांच्या जवळचा, एक दोन माणसांच्या बोलाचालीचा आणि एक दिवस संपल्याचा, असा मेळ जमला की दहा फोटोंतही गोष्ट उभी राहते. शिवाय प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, केव्हा आणि काय चालले आहे हे सांगणारी फोटोओळ त्याच रात्री लिहून ठेवा. दिंडीचा क्रमांक, मुक्कामाचे गाव आणि माणसाचे नाव नंतर आठवत नाही, आणि परदेशी शिक्षकांना वारी समजावून सांगण्याचा तेवढाच मार्ग तुमच्या हाती आहे.

प्रश्न : चौकटीत आलेली प्लॅस्टिकची बाटली सॉफ्टवेअरने पुसली तर काय बिघडते? आणि रस्त्यावरच्या मुलांचे फोटो विचारून काढावेत का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : बाटली पुसता येत नाही. उजेड, रंग यांत सौम्य फेरफार आणि कडा कापणे चालते. वस्तू घालणे वा काढणे चालत नाही. २००६ मध्ये लेबनॉनमधील बैरुत शहरावरील बॉम्बहल्ल्याच्या फोटोत धूर वाढवल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याचे सर्व फोटो विक्रीतून मागे घेतले. अशा फेरफारापायी त्याचे खरे फोटोही गेले. बाटली नको असेल तर क्लिक करण्याआधी दोन पावले सरकावे.

मुलांबाबत आधी पालकांना विचारावे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मनाई आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत तशीच मनाई २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे, आणि या मनाईत फोटोही येतो. डोळ्यांवर काळी पट्टी ओढून भागते असा समज आहे, पण गणवेश, घराचे दार किंवा शेजारी उभी आई यांवरूनही मूल ओळखू येते.

प्रश्न : अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर वर्तमानपत्रात काम मिळेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : प्रमाणपत्र कोणी मागेल असे वाटत नाही, फोटो संपादक वीसेक फोटो पाहतो, त्यांच्या फोटोओळी वाचतो आणि सायंकाळच्या आत फोटो धाडाल का, एवढे विचारतो. पहिले काम मिळाले, तर मोबदल्याबरोबरच फोटोचे हक्क कोणाकडे राहणार हेही आधी लेखी घ्यावे. दुसरा काही करार नसेल, तर पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देणारा ठरतो, आणि हे कळेपर्यंत अनेकांचे पहिल्या वर्षाचे काम हातचे गेलेले असते.