तंबाखू समुपदेशनानं आणि ध्यानानं खरंच सुटते का?

ताई, तुमचे मिस्टर 12 वर्षं तंबाखू खातायत आणि 'फोनवर बोलून, डोळे मिटून बसून असलं व्यसन सुटतं का, की सगळं थोतांड' असं तुम्ही विचारलंय. मी 19 वर्षं खाल्ली. साखर कारखान्यात फिटर आहे. गळीत हंगामात रात्रपाळी, आणि रात्रपाळी म्हटली की तंबाखूचा बार आलाच. सोडून आता चौथं वर्ष चालू आहे. या दोन्हींचा उपयोग झाला, पण मला वाटलं होतं तसा नाही.

पुडीवर 1800-11-2356 हा नंबर असतो, तिथं फोन केला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. म्हटलं आता कॅन्सरवर व्याख्यान ऐकावं लागणार. पुडीवरचं ते चित्र रोज बघत बघतच मी मळायचो, त्याची भीती कधीच मेली होती. पण तिकडच्या मॅडमनी विचारलं, "तंबाखूनं तुम्हाला काय मिळतं?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, रात्री झोप येत नाही, सकाळी पोट साफ होतं, चार माणसं जवळ येतात. त्यावर त्या म्हणाल्या, आठवडाभर सोडूच नका. फक्त वहीत लिहा: किती वाजता, कुठं, कुणाबरोबर, तलफ दहापैकी किती.

दिवसाला चौदा बार निघाले. त्यातले तलफेचे पाच-सहा, बाकीचे नुसते हाताचे. जेवण झालं की हात खिशात. सायबांचा फोन येऊन गेला की हात खिशात. समोरच्यानं तळहात पुढं केला की आपली डबी बाहेर. चुना लावायचा, अंगठ्यानं रगडायचं, थाप मारून धूळ उडवायची, त्या दोन मिनिटांत डोकं शांत व्हायचं ते तंबाखू तोंडात जायच्या आधीच! हे वही लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं.

ध्यानाचं म्हणाल, तर मांडी घालून बसायला मला कधी जमलं नाही. मला शिकवलं ते एवढंच, की तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. ती अंगात कुठं आहे ते बघायचं. माझी खालच्या ओठामागं हिरडीत असायची, तोंडाला पाणी सुटायचं, जबडा आवळायचा, तळहात शिवशिवायचा. श्वास चालू ठेवून हे बघत राहायचं. प्रेशर गेजचा काटा बघतो तसं. काटा चढतो, थरथरतो, उतरतो. घड्याळ लावलं तर चार-पाच मिनिटांचा खेळ. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट याला लाटेवर तरंगणं म्हणायचे. आपल्याकडं साक्षीभाव हा शब्द जुनाच आहे.

आणखी एक गंमत सांगतो. एकदा मुद्दाम लक्ष देऊन बार लावला. चुन्यानं हिरडी भाजते, चव कडूजहर, घशात खवखव. 19 वर्षं मी हे चवीनं खात होतो?

पण ध्यान म्हणजे रामबाण नव्हे. 2011 साली येल विद्यापीठाच्या एका प्रयोगात सिगारेट ओढणारे 88 जण होते. 17 आठवड्यांनी ध्यान शिकलेल्यांपैकी 31 टक्के सुटलेले होते, नेहमीच्या कार्यक्रमातले 6 टक्के. पुढं 2022 मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या संस्थेनं, असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा तेवढाच वेळ दिलेल्या इतर समुपदेशनापेक्षा ध्यान सरस असल्याचं काही दिसलं नाही. म्हणून मी निकोटिनचा च्युइंगमही घेतला, डॉक्टरांना विचारून. तो थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो. तंबाखूवाल्याला हे शिकवावं लागत नाही. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले. चिडचिड, डोकं जड, पोट गच्च. नंतर कमी होत गेलं.

दोन महिन्यांनी भाच्याच्या लग्नात मांडवामागं एक बार लावलाच. वाटलं, गेलं सगळं पाण्यात, आता पुडीच घ्यावी. फोनवर मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. किती वाजले होते, कोण होतं, आधी काय झालं होतं, एवढंच विचारलं. मेहुण्याशी वाजलं होतं. ते वहीत गेलं. पुडी घेतली नाही.

मिस्टर दारूही पीत असतील तर ती मात्र अशी घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. त्याला डॉक्टरच पाहिजे. आणि तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल तर आधी दाखवून या, बाकीचं नंतर.

तुम्ही घरात काय करायचं? खिसे तपासू नका. आमच्या हिनं ते दहा वर्षं केलं, मी फक्त लपवायला शिकलो. खिशात भाजलेली बडीशेप ठेवायला लागली त्याचा उपयोग झाला, हाताला काम मिळालं. फोन मात्र त्यांचा त्यांना करू दे. हिनं एकदा नंबर लावून माझ्या हातात दिला होता. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला आणि पुढं दीड वर्ष खात राहिलो.