साखर खरंच कोकेनसारखी आहे का? उंदरांवरचे मूळ प्रयोग

'साखर कोकेनपेक्षा जास्त व्यसन लावते, उंदरांवर सिद्ध झालंय' असं वाचून तुम्ही सात वर्षांच्या मुलाचं गोड आठवडाभर एकदम बंद करून फक्त रविवारी सूट देणार आहात, आणि गूळ तरी चालेल का असं विचारलंय. थोडं थांबा.

हा दावा मुख्यतः २००७ सालच्या एका प्रयोगावर उभा आहे. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये सर्ज अहमद यांच्या गटाने उंदरांपुढे दोन खटके ठेवले. एक दाबला की शिरेतल्या नळीतून कोकेन, दुसरा दाबला की काही क्षण गोड पाणी. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. पण त्या पाण्यात सॅकरिन हा कृत्रिम गोड पदार्थ होता, म्हणजे कॅलरी शून्य! साखरेच्या पाण्यावरही कल तसाच दिसला, तेव्हा ही ओढ गोड चवीची म्हणावी लागते. शिवाय याच निकालाचा दुसरा अर्थ असा, की समोर दुसरं काही आवडीचं असेल तर बहुतेक उंदीर कोकेन सोडून देतात. मला हा अर्थ जास्त पटतो. बातमीत मात्र तो येत नाही.

तुमच्या घरासाठी जास्त कामाचे प्रयोग प्रिन्स्टनचे आहेत, बार्टली होबेल आणि निकोल अवेना यांचे. तिथे उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवायचे, मग बारा तास खाणं आणि साखरपाणी द्यायचे. काही आठवड्यांत ते साखरपाणी मिळताच तुटून पडायला लागले. नेहमीच्या खाण्याची सवय झाली की मेंदूतली डोपामिनची, म्हणजे हवंहवंसं वाटण्याशी जोडलेल्या रसायनाची, उसळी ओसरते; यांच्यात ती तीन आठवड्यांनंतरही येत होती. अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं नॅलोक्सोन टोचल्यावर दात वाजणं, पंजे थरथरणं अशी नशा तुटल्यावर दिसतात तशी लक्षणं दिसली. इथवर वाचलं तर घाबरायला होतंच. पण ज्या उंदरांना साखरपाणी दिवसभर खुलं होतं, त्यांच्यात हे चित्र उमटलं नाही. साखर तीच, फरक उपास आणि मग तुटून पडण्याच्या चक्राचा.

सोबतीचाही मुद्दा आहे. कॅनडातल्या 'रॅट पार्क'ची, म्हणजे मोठ्या जागेत सोबतीने राहणारे उंदीर मॉर्फिन कमी पितात ही गोष्ट सगळे सांगतात, पण पुढच्या प्रयोगांत तो निकाल ठामपणे जुळला नाही, म्हणून मी ती आधाराला घेत नाही. २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी मात्र नीट दाखवलं, की मेथॅम्फेटामिन या अमली पदार्थाची सवय लावलेल्या उंदरांनाही दुसऱ्या उंदराची संगत मिळत असेल तर ते तिकडेच वळतात.

अर्थात पिंजऱ्यातल्या उंदराला ना शाळेचा डबा, ना वाढदिवस, ना लाड करणारी आजी. तेव्हा हे निकाल मुलावर जसेच्या तसे चिकटवू नका. तरी आठवडाभर कडक बंदी आणि रविवारी सूट, ही तुमची योजना त्या बारा तासांच्या चक्राच्या फार जवळ जाते. मी ती करणार नाही.

गोड कमी करायला दात आणि वजन ही कारणं पुरेशी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा आहे, वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत. गूळही याच हिशेबात धरा. चिक्की द्यायचीच तर जेवणाबरोबर द्या, आणि झोपण्याआधी दात घासून घ्या.