शाळेची सुरक्षा कशी तपासावी?

प्रश्न : माझी मुलगी मुलुंडच्या एका शाळेत तिसरीत, दुपारच्या सत्रात शिकते. शाळेने नुकतेच ३४ कॅमेरे बसवले असून पालक-शिक्षक संघाने सुरक्षाव्यवस्थेची पाहणी आम्हा चार पालकांवर सोपवली आहे. कॅमेरे आणि पहारेकरी मोजण्यापलीकडे आम्ही नेमके काय पाहावे?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : मोजणी शेवटी करावी. मुंबईतील दोन सत्रांच्या शाळेत खरी परीक्षा असते ती सकाळचे सत्र सुटून दुपारचे भरते त्या अर्ध्या तासाची. रिक्षा, बस, व्हॅनवाले काका आणि आजी-आजोबा एकाच फाटकाशी दाटलेले असताना लहान मूल कोणाच्या हाती दिले जाते आणि त्याची खातरजमा कोण करते, हे तिथे उभे राहून पाहावे. पहारेकरी चेहरा ओळखून सोडत असेल, तर तो रजेवर असताना काय होते, हेही विचारावे.

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या शासन निर्णयाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले आणि त्यातील चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. तेव्हा चित्रण प्रत्यक्ष कोण पाहते, त्याची नोंद कुठे होते, हे विचारा आणि मागच्या आठवड्यातील एखाद्या दिवसाचे चित्रण आपल्यासमोर लावून दाखवण्यास सांगा. स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा नसतो, नसावाच. म्हणून तिथवर जाणारा बोळ, जिन्याखालची जागा आणि तिथे नेमलेली सेविका यांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

एका गोष्टीकडे मात्र सुरक्षेच्या उत्साहात हमखास दुर्लक्ष होते. बाहेरचा माणूस आत येऊ नये म्हणून मागच्या जिन्याच्या लोखंडी दरवाजाला कुलूप घातले जाते, आणि आग लागल्यावर तीच वाट मुलांना हवी असते. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. ते मागून घ्या. पण कागदावर थांबू नका. प्रत्येक कुलपाची किल्ली शाळेच्या वेळेत कोणत्या शिपायाच्या खिशात असते, हे विचारा आणि तो दरवाजा त्याच्याकडून तुमच्यासमोर उघडवून घ्या.