फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ हाती असेल, तर शिल्पे कोठे पाहावीत?

पणजीहून प्रथमच इटलीला जाताना फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ मिळणार असल्यास कोणते संग्रहालय निवडावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अकादेमिया गॅलरी निवडावी. सोमवारी ती बंद असते आणि तिकीट आधीच काढून ठेवलेले बरे.

तेथे मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ आहे. १५०१ ते १५०४ या काळात एकाच संगमरवरी शिळेतून घडवलेली ही पाच मीटरांहून उंच मूर्ती समोरून छायाचित्र घेऊन सोडून देऊ नये, तर तिच्याभोवती सावकाश प्रदक्षिणा घालावी, कारण समोरून निवांत भासणाऱ्या या तरुणाच्या कपाळावरच्या आठ्या आणि नजरेतील ताण बाजूने पाहतानाच खरा जाणवतो. माझे मन मात्र तिच्याकडे नेणाऱ्या दालनातील मायकेलअँजेलोच्याच ‘बंदिवान’ नावाच्या अपूर्ण मूर्तींपाशी अधिक रमले; अर्धे शरीर अजून दगडातच रुतलेले आणि छिन्नीचे घाव तसेच उघडे असल्यामुळे शिल्पकाराचा हात तेथे प्रत्यक्ष दिसतो.

निघण्यापूर्वी जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत अवश्य जाऊन यावे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीखालील संगमरवरी चौथरा आणि त्यावरील ब्राँझचे चार उठावपट फ्लॉरेन्सच्याच जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचे असून, तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी भेट दिलेले हे काम १६९८ मध्ये येथे उभे राहिले.